पाच ग्रॅमचा आहेर

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. लग्न होऊन कोपरखैरण्यात आले तर सासरी सगळे बोलणारे, मी एकटी गप्प. बोलणाऱ्यांचे किस्से होतात आणि ते गप्प बसणाऱ्यांकडे साठत जातात. माझ्याकडे सध्या जे साठलेत, ते सगळे एका सोन्याच्या नाण्याचे आहेत.

झालं असं, की आमच्या लग्नात सासूबाईंच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे नेरूळच्या मावशींनी, मला सोन्याचं नाणं दिलं. पाच ग्रॅमचं, लाल मखमली डबीत, माइकवरून जाहीर करून! स्टेजवर माझ्या कानात म्हणाल्या, "पॅकिंग फोडू नकोस हं, किंमत जाते."

आता मावशींच्या प्रशांतचं लग्न ठरलं. आमच्याकडे आहेर जसा आला तसाच फेडायचा असतो, ग्रॅमला ग्रॅम. त्यात मावशी म्हणजे आहेरात आलेलं पातेलंसुद्धा टिचकी मारून आत घेणाऱ्या! आपलं नाणं खोटं निघालं तर भर हॉलमध्ये बहिणीपुढे मान खाली जाणार, या विचाराने आईंची झोप उडाली.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, उडाली नाही. "दुकानात घडणावळ कशाला भरायची? ॲपवर लोक घरातली नाणी विकतात. डायरेक्ट घेऊ!"

"आणि फसवलं तर?" आई म्हणाल्या.

"मला? अख्खी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली मी."

बाबा तुर्भ्याला बिस्किटांच्या कंपनीत होते.

*

पहिला विक्रेता स्टेशनबाहेर भेटला. बाबांनी खिशातून आमच्या फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट काढलं आणि नाण्याला लावलं. चिकटलं नाही. बाबांचा चेहरा उजळला.

"बघ सुमेध! एकदम प्युअर!"

सुमेध म्हणजे माझा नवरा. तो काही बोलायच्या आत विक्रेताच म्हणाला, "काका, पितळेलापण नाय चिकटत ते."

"मग हे काय आहे?"

त्याने जरा विचार केला. "मला लेट होतंय," म्हणाला, आणि गेला.

मॅग्नेट परत फ्रिजवर गेलं. स्ट्रॉबेरीचं एक पान तेवढं तुटलं.

*

पुढची नाणी सीलबंद कार्डातली होती. एक दिघ्याला, एक वाशीला. सुमेधने दोघांकडून फोटो मागवले आणि झूम करून पाहिलं. दोन्ही कार्डांवर सिरियल नंबर एकच!

"बाबा, एका नंबरचं नाणं दोन ठिकाणी कसं असेल?"

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"जुळी असतील," म्हणाले.

*

मग एक जण कुरियरने पाठवायला तयार झाला. फक्त अर्धे पैसे आधी टाकायचे. डीपीवर फौजी गणवेशातला फोटो. बाबा एकदम भारावले. "देशासाठी लढणारा माणूस फसवेल का?"

आई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हिडिओ कॉल लावा त्याला."

फौजीने कॉल कापला. मग आवाज रेकॉर्ड करून पाठवला: कॅमेरा खराब आहे, पण नाण्याचे फोटो हवे तेवढे पाठवतो.

आईंनी पिठाच्याच बोटाने उत्तर रेकॉर्ड केलं. "नाण्याचे नको. उद्या भांडायचं झालं तर नाण्याशी भांडू का मी? तुझं तोंड दाखव."

त्याने ब्लॉक केलं. बाबा दुपारभर उदास होते. "त्याच्या मनाला लागलं असेल गं," म्हणाले.

*

या सगळ्यात मी एकच वाक्य बोलले. "सोनाराच्या दुकानातच भेटू, असं सांगा ना सगळ्यांना. मशीनवर नाणं तपासायचं, मगच पैसे."

त्यानंतर नवी मुंबईवर संकटच कोसळलं. कुणाला अचानक गावी जावं लागलं, कुणाची गाडी बंद पडली. एकाची आजी वारली. पुढच्या आठवड्यात तीच आजी पुन्हा वारली.

*

आल्या त्या फक्त ऐरोलीच्या एक निवृत्त शिक्षिका. नाण्याचं मूळ बिल घेऊन आल्या होत्या. वर बाबांचंच आधार कार्ड तपासलं, फोटोशी चेहरा दोनदा ताडून पाहिला. नाणं मशीनवर गेलं, अस्सल निघालं!

मग बाई सोनाराला म्हणाल्या, "आता यांच्या नोटा मशीनमध्ये घाला."

मशीन मध्येच पीं करून थांबलं. एक नोट खोटी होती. आमची.

आजवर आम्ही विक्रेत्यांकडे ज्या नजरेने बघायचो, तीच नजर बाईंनी आमच्याकडे वळवली. बाबांनी मुकाट्याने नोट बदलून दिली.

मावशींचं नाणं आईंनी सोबत आणलं होतं. दोन्ही आहेर दिसायला सारखे हवेत ना!

"हेपण लावू का मशीनवर?" सोनाराने विचारलं.

"लावा लावा!" बाबा उदार झाले.

पॅकिंग फुटलं. सोनाराने स्क्रीन हळूच आईंकडे वळवली. "चांदी आहे, वहिनी. वरून सोन्याचं पाणी दिलंय."

"पण मॅग्नेट चिकटत नाही त्याला!" बाबा म्हणाले.

 

*

लग्नाच्या दिवशी निघताना आईंनी शिक्षिकाबाईंचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझं. मावशीने दिलंय असं समज." मावशींचं नाणं त्यांनी मावशींच्याच लाल डबीत घातलं आणि डबी पर्समध्ये टाकली.

नेरूळच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, हार झाले, आहेर सुरू झाले. आम्ही स्टेजवर गेलो. आईंनी डबी नवरीच्या हातात दिली. नवरी उघडून बघणार, तेवढ्यात मावशींनी ती घेतली. उघडली. डबीकडे बघितलं, नाण्याकडे बघितलं, मग आईंकडे.

"पाच ग्रॅम, ताई," आई म्हणाल्या.

माइकवाला पुढे सरसावला. "बोला, कुणाकडून काय?"

"माइकवर नको रे!" मावशी म्हणाल्या.

"खाली नाक्यावर सोनार आहे," आई म्हणाल्या. "हवं तर तपासून घे. हल्ली कुणाचा भरवसा नाय."

मावशींनी डबी खटकन बंद केली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"काहीतरीच! बहिणीने दिलेलं नाणं कुणी तपासतं का गं?"

"तेच तर," आई म्हणाल्या, आणि फोटोसाठी पदर सारखा केला.