विद्या फुकट, झोप विकत

मावशीला अक्षरओळख नव्हती, पण हिंदुस्थानातल्या नद्या ती उगमासकट म्हणून दाखवी. तिच्या परसाची भिंत आणि आमच्या हायस्कुलाची मागची भिंत एकच होती. भूगोलाचा तास सुरू झाला की पलीकडे मावशी भांडी घासायला बसे. एकदा एका पोराने नद्या म्हणताना गोदावरी गाळली. मास्तरांच्या ध्यानात यायच्या आत खिडकीतून आवाज आला, "गोदावरी कुठी गेली रे?" सगळा वर्ग हसला. मास्तर मोठे मानी. ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इकडेच येऊन बसा." मावशी म्हणाली, "मंग भांडी कोन घासीन?"

ती माझ्या आईची लांबची बहीण, माहेर देडतलाईचं. नवरा लवकर गेला. जसोंडीला दिराच्या घरात राहिली असती तर दोन वेळच्या भाकरीला तोटा नव्हता. पण मुलगा वासू मॅट्रिक झाला पाहिजे, हे तिनं मनात घेतलं होतं. म्हणून ती बऱ्हाणपुरात आली, तीही थेट शाळेमागच्या गल्लीत. दोन खोल्यांच्या त्या घरात वासू आणि ती, शिवाय आम्ही खेड्यांवरून आलेले तीन विद्यार्थी. सगळे तिच्याच हातचं जेवत होतो.

ती गल्ली म्हणजे विद्यार्थ्यांचं वारूळच. पहाटे पहाटे प्रत्येक ओसरीवर पाठांतर सुरू होई. एक संस्कृतची रूपं, दुसरा पावकीचा पाढा, तिसरा इंग्रजी कविता, आणि सगळे एकमेकांवर ताण करून. शेजारी कलाबतूची, म्हणजे जरीची, तार ओढणारे कारागीर राहत, ते कपाळाला हात लावत. मावशीच्या परसात पपईचं झाड होतं, त्याची पिकलेली पपई तिनं उभ्या जन्मात पाहिली नसेल. आम्ही ती हिरवीच फस्त करायचो. पण तहसिलीतून कागद आला, तार आली, की आख्ख्या मोहल्ल्यातल्या बायाबापड्या आमच्याच गल्लीत धाव घेत, कारण वाचून दाखवायला कुणी ना कुणी हजर असे. नव्यानं बिऱ्हाड करणारा कुणी चौकशीला आला की मावशी त्याला एका दमात सांगून टाकी, "साळंच्या शेजारी घर म्हंजे विद्या फुकट आन् झोप विकत. पटत असंन तं राहा."

वासूचं डोकं चालत नव्हतं असं मुळीच नाही. बिघडलेलं कुलूप तो दोन मिनिटांत उघडी, सायकलची साखळी डोळे मिटून बसवी. फक्त पुस्तकातलं काही त्याच्यापाशी टिकत नसे. आईला पाठ झालेल्या नद्या याच्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत वाहून जात. मी मात्र वर्गात पहिला, आणि ते चारचौघांना कळावं याचीही काळजी घेणारा. उष्टं खाल्लं की त्या माणसाचे गुण लागतात, ही आमच्याकडची जुनी समजूत. मावशीनं मॅट्रिकच्या वर्षी ती अमलात आणली. बाकीच्या दोघांना वेगळी ताटं, वासूला आणि मला एक. आधी मी चार घास खायचे, मग त्यानं. "तुह्या डोक्यातलं थोडं याच्यात उतरू दे, बेटा," ती म्हणे. वासू हसून म्हणे, "अक्कल येवो न येवो, मी उपाशी मरीन. हा लय भराभर खातो, आई." मी मनातून फुगत असे. आज ते आठवलं की माझीच मला शरम वाटते.

त्या साली दसऱ्याला मी गावी गेलो. आमचं गावही जसोंडीच. तिकडे पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि इकडे मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएन्झाचा, ताप घराघरांत शिरला होता. जसोंडीत रोज कुणी ना कुणी जात होतं. परत निघालो तेव्हाच मला कणकण होती. मी ती कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मावशीनं मला गावी परत धाडलं असतं, अभ्यास बुडाला असता, पहिला नंबर गेला असता. एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी रोजच्यासारखं एकच ताट वाढलं गेलं. मी चार घास खाल्ले, मग वासूनं.

दोन दिवसांत दोघेही अंथरुणाला खिळलो. बाकीचे दोघे गावी पळाले. मावशी आमच्या दोघांच्या मधे बसून असे. एक हात त्याच्या कपाळावर, एक माझ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वासू गेला. मी आठव्या दिवशी उठून बसलो. "पोरं ठेवली, म्हणून ताप घरात आला," शेजारणी तिच्या तोंडावर म्हणाल्या. तरी तिनं मला घराबाहेर काढलं नाही. शाळा पुन्हा उघडली तेव्हा आमच्या ओसरीसमोर सगळी पोरं तोंडातल्या तोंडात वाचू लागली. मावशी ओट्यावर येऊन कडाडली, "काऊन गप रे सगळे? परीक्षा तुमची गेली काय?"

त्या घरात मी तसाच राहिलो. जेवताना कितीदा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि नुसतं पाणी मागितलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. शाळेच्या दारावर उत्तीर्ण झालेल्यांची नावं डकवली होती. मावशी म्हणाली, "चाल, मले वाचून दाखव." एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिली, पण शाळेच्या दारात ती त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिली. मी अकरा नावं वाचली. माझं पहिलंच होतं, बाकीची हजेरीपटाच्या क्रमानं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "याच्यात वासूचं कुठी आलं असतं?" हजेरीपटावर त्याचं नाव जिथं येई ती दोन नावांमधली जागा मी दाखवली. तिनं तिथं बोट टेकलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, दसऱ्याहून आलो तेव्हाच माझ्या अंगात ताप होता. मी लपवला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे बघतच म्हणाली, "मले मालूम होतं. पानी देताना तुह्या हाताले हात लागला, तवाच समजलं. पन म्हनलं, परीक्षा जवळ आली, एक दिवस बी तुहं उष्टं कायले चुकवा? ताट मीच लावलं, बेटा."