रेडिओ सुशी खायला जातो

त्याला सगळे रेडिओ म्हणत. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की याचं तोंड सुरू, आणि कात्री थांबली तरी ते थांबत नसे. बायको गेल्यावर लेकीला त्यानं सलूनमध्येच वाढवलं. ती बाकावर बसून पाढे म्हणायची आणि हा दाढी करता करता तिच्या चुका काढायचा. तीच लेक आता एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, आणि तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी दोघांना शहरातल्या महागड्या जपानी हॉटेलात सुशी खायला बोलावलं होतं.

निघताना लेक म्हणाली, "बाबा, तिथे सलूनचा विषय काढू नका हं. मी त्यांना नुसतं व्यवसाय आहे म्हणून सांगितलंय."

"बरं," रेडिओ म्हणाला. त्याला ते लागलं, चांगलंच लागलं. पण आपल्या तोंडापायी पोरीचं लग्न फिसकटायला नको, म्हणून आज मिठाची गुळणी धरायची असं त्यानं ठरवून टाकलं.

हॉटेलात टेबलंच नव्हती. लांबलचक लाकडी ओटा, त्याच्यापुढे उंच पाठीच्या खुर्च्या आणि पलीकडे आचारी. लेक, तिच्या शेजारी रेडिओ, मग व्याही, आणि टोकाला होणारा जावई असे सगळे ओळीत बसले. आचारी भाताचा घास हातात दाबायचा, वर माशाची पातळ चकती ठेवायचा आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात एकेक मांडायचा. कच्चा मासा म्हटल्यावर रेडिओनं पहिला घास आधी हुंगून पाहिला. पण भात कोमट, मासा गार, आणि वासाचं नाव नाही. झकास आहे की, असं ओरडावंसं वाटलं त्याला. तेही त्यानं घासाबरोबर गिळलं.

आचाऱ्याची सुरी बघून तर त्याची जीभ नुसती वळवळायला लागली. धार कुठे लावता, दगड कुठला वापरता, विचारण्यासारखं काय कमी होतं?

"व्यवसाय कसला म्हणालात?" व्याह्यांनी विचारलं.

"छोटासाच," असं म्हणून रेडिओनं घाईघाईनं एक आख्खा घास तोंडात कोंबला.

त्यानंतर कुणालाच काही सुचेना. व्याही माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून आलेला. लेकीनं ओट्याखालून बापाला गुडघा मारला. आता तिला तो बोललेलाही हवा होता आणि न बोललेलाही! रेडिओ बिचारा माशांच्या चकत्या बघत बसला.

जेवण संपलं तशी गरम, ओल्या टॉवेलांची एकेक गुंडाळी सगळ्यांपुढे आली. व्याह्यांनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

बस्स. शेजारी मागे टेकलेली मान आणि हातात गरम टॉवेल. पुढचं रेडिओनं केलं नाही, त्याच्या हातांनी केलं. टॉवेल झटकला, मनगटावर धरून ऊब पाहिली, उठून व्याह्यांच्या हनुवटीवर टेकवला, दोन्ही गालांवरून वर घेतला, नाक तेवढं मोकळं ठेवलं आणि अंगठ्यांनी कानशिलं दाबायला सुरुवात केली.

"बाबा!" लेक किंचाळली.

रेडिओचे हात जागीच थबकले. आचाऱ्याची सुरी थांबली. झालं, मोडलं लग्न, आणि तेही आपल्या हातानं! तो टॉवेल ओढून काढणार, एवढ्यात आतून दबलेला आवाज आला.

"थांबलात का? चालू द्या ना."

रेडिओचे अंगठे पुन्हा फिरू लागले. व्याह्यांचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले. "कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं हो," ते पुटपुटले. "शिकलात कुठे हे?"

रेडिओ नुसती कानशिलं दाबत राहिला. लेकीकडे बघायची त्याला छाती होईना. तिनं मात्र आपला टॉवेल उलगडला, मनगटावर धरून पाहिला आणि बापापुढे केला. तिचे डोळे भरून आले होते.

"दुसरा घ्या, बाबा. पहिला गार झाला असेल," ती म्हणाली, आणि मग होणाऱ्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "आमच्या सलूनमध्ये दोन टॉवेल लावल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत."