आबांच्या पलंगावरून

‘म्हाताऱ्याच्या कानात बिघाड आहे, स्पीकरात नाही,’ असं एक पाहुणा माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत बोलून गेला. तो कप मी त्याच्या हातातून काढून घेतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हातारे म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. धुळ्याकडच्या खेड्यात त्यांनी शेती केली आणि शेतीतून उरलेला सगळा जीव तबल्यात घातला. गावच्या भजनी मंडळात तबला-डग्गा त्यांचाच. त्यातही डग्गा, म्हणजे डाव्या हाताखाली घुमतो तो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो ऐकायला शेजारच्या गावची माणसं यायची. मग आबांना लकवा झाला आणि डावी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण डोकं शाबूत होतं. हे मी आज सांगतेय असं नाही, तेव्हाही ओरडून सांगत होते.

आम्ही त्यांना जळगावला आणलं. खालच्या मजल्यावर एकच खोली मोकळी होण्यासारखी होती, ती आमच्या ह्यांची गाण्याची खोली. त्यात अँप्लिफायर, कमरेएवढे दोन स्पीकर आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. हे सोफ्यावर बसले की त्या खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही! पण वडिलांसाठी त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पलंग आला तो खोलीच्या बरोब्बर मधोमध लावला. पंखा मधे, खिडकीतल्या कूलरचा झोत मधे, आणि कूस बदलायला दोन्हीकडून जागा हवी. जळगावात एप्रिलमध्ये आजारी माणसाला दुसरी जागाच नसते. दुपारी भिंतीला हात लावून बघा म्हणजे कळेल.

ह्यांनी मोठ्या हौसेनं आबांच्या भजनाची एक जुनी कॅसेट शोधून पेन ड्राइव्हवर घेतली. कूलर बंद केला, गाणं लावलं. आबा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “मना डावा हात कथा गया?”

डावा हात कुठं गेला म्हणजे, आम्हाला वाटलं, लुळ्या पडलेल्या हाताबद्दल बोलताहेत. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर आबा भडकले. “अरे, डग्गा! डग्गा आयकू येत नही!”

“येतोय की आबा, मस्त येतोय,” हे सोफ्यावरून म्हणाले.

“नही येत.”

झालं, तिथून सुरू झालं. ह्यांनी स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात का पाहिलं, त्या बरोबर होत्या. बटणं पिळून झाली. मग दुकानदार म्हणाला, बेस कमी पडतोय तर वूफर घ्या. घेतला. त्या डब्यानं खिडकीच्या काचा थडथडायला लागल्या, स्वयंपाकघरात माझी झाकणं वाजायला लागली, आणि आबा पलंगावरून म्हणतात, नाही. रोज सकाळी भजन लावायला सांगायचे, रोज संतापायचे. एकदा उजव्या हातानं पाण्याचा ग्लास भिरकावला.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. जो भेटायला येई तो पलंगाशेजारी उभा राहून निदान करी. कान गेले. मेंदूवर परिणाम झालाय. आता काय तबला, आता देवाचं नाव घ्या म्हणावं. अहो, ते देवाचंच नाव होतं, भजनच लावलं होतं ना! पण ऐकतो कोण.

माझे धाकटे दीर धुळ्याहून आले. भला माणूस, पण घाई फार. आबांचे जुने कागद घेऊन ते कुण्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेले. आबांना नेलं नाही, फक्त कागद नेले, आणि गोळ्यांची पट्टी घेऊन परत आले. चिडचिड होते, भास होतात, त्यावर गोळी. दिवसभर झोपून राहतील, त्यांनाही आराम, तुम्हालाही आराम. आज रात्रीपासून सुरू करा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आराम कुणी मागितला होता? ज्या माणसानं उभा जन्म डाव्या हाताचा आवाज ओळखण्यात घालवला, तो म्हणतोय आवाज नाही, तर आवाज शोधायचा की माणूस झोपवायचा? मी हे सगळं बोलले. दीर म्हणाले, “तुम्ही दमला आहात, वहिनी.” म्हणजे आबांच्या मागोमाग माझंही डोकं फिरलं म्हणायचं!

त्याच दिवशी केस कापायला न्हावी आला. दोघा भावांनी आबांना चाकाच्या खुर्चीत घालून घरापुढच्या ओट्यावर नेलं. खोलीत भजन तसंच चालू राहिलं. मी चादर बदलायला घेतली. भिंतीशी उभी राहून नवी चादर झटकत होते, डग्गा छातीत घुमत होता. पलंगाशी गेले, चादर खोचायला वाकले, आणि तो पातळ झाला. परत भिंतीशी गेले, घुमला. परत पलंगाशी आले, पातळ.

तेव्हा डोक्यात आलं की या जागेवरून आजवर कुणी ऐकलेलंच नाही. ऐकणार कसं? आमच्यात सासऱ्याच्या पलंगावर सून टेकतही नाही. मी इतके दिवस उभ्यानं घास भरवले. मुलगे बसणार ते सोफ्यावर, भजन लागलं की पाहुणे सरकणार दाराशी. सगळी अक्कल भिंतीला टेकून चालली होती!

मी सरळ पलंगावर आडवी झाले. आबांच्या उशीवर डोकं ठेवलं. आणि खरंच, डग्गा गेला. काचा थडथडत होत्या, पण कानाला नुसती उजव्या हाताची टिकटिक. आपल्याच माणसाचा अर्धा हात कुणी कापून नेल्यासारखं वाटलं. मला रडूच फुटलं.

नेमके दीर आत आले. “अहो वहिनी! हे काय चालवलंय?”

एरवी मी ताडकन उठले असते. त्या दिवशी नाही उठले. म्हटलं, “भाऊ, ह्यांना बोलवा. आणि मग तुम्ही दोघं पाळीपाळीनं इथं झोपा.”

हे आधी झोपले. उठून बसले, परत झोपले, आणि तोंडावर हात ठेवून तसेच पडून राहिले. पुढे त्यांनी कुठंतरी वाचून मला सांगितलं की जाड आवाज खोलीत सगळीकडे सारखा नसतो, तो भिंतींशी गोळा होतो आणि कधीकधी मधोमध पार विरून जातो. कितीही मोठा वूफर आणा, त्या जागी काही मिळत नाही. एवढा हौशी माणूस, पण सोफा सोडून कधी ऐकलंच नव्हतं.

दीरांनाही झोपवलं. उठून चादर सारखी करत म्हणाले, “ते ठीक आहे. पण डॉक्टरांनी दिलीय तर गोळी सुरू करून बघू.”

“आधी पलंग उचला,” मी म्हटलं.

स्वयंपाकघराकडच्या भिंतीला ऊन लागत नाही. पलंग तिला लावला. वरचा पंखा लांब पडला म्हणून टेबलफॅन आणला. आबांना आत आणून झोपवलं आणि ह्यांनी भजन पहिल्यापासून लावलं.

आबांनी डोळे मिटले. डग्गा सुरू झाला तसा त्यांचा श्वास मोठा झाला. एका ठिकाणी त्यांनी नाक मुरडलं, तिथं बहुधा हात चुकला असेल. मला काही कळलं नाही, त्यांना कळलं. पूर्ण भजन होईपर्यंत कुणी हललं नाही. संपल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे.

“इतला दिन मी काय सांगत व्हतू?”

दीर पुढे झाले, पांघरूण नीट करायला लागले. “हो आबा, आता येतंय ना ऐकू? झालं तर मग.”

आबांनी त्यांचा हात बाजूला केला.

“मले पहिलेपासून बठ्ठं, सगळं आयकू येस,” ते म्हणाले. “तुम्ही मना उशाशी उभा राहीसन काय बोलतस, ते बी.”