पटलावर ठेवलेलं भाषण

लोकसभेत मी एक मुदत काढली आणि त्या सगळ्या काळात जत तालुक्यातल्या पाण्यावर एक शब्दही बोलले नाही, असं माझ्याबद्दल अजून सांगितलं जातं. सांगणारे माझ्याच पक्षातले आहेत. म्हणून हे लिहिते.

उंब्रजला हायवेच्या कडेला टोमॅटोचे क्रेट विकत मी व्यापार शिकले. पुढे पलूसला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज उभं केलं. घासाघीस माझ्या हाडात आहे आणि दिल्लीत तीच कामी येते. चर्चेत प्रत्येक पक्षाला ठरावीक मिनिटं असतात. ती कोणाला द्यायची हे पक्षाचे प्रतोद ठरवतात. प्रचारात जतमधल्या, सीमेजवळच्या एका गावातल्या बायकांना मी शब्द दिला होता, की तुमच्या टँकरचं सभागृहात उभी राहून बोलेन. त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पाणी खात्यावरची चर्चा लागली तेव्हा मी दहा मिनिटं मागितली. प्रतोद चार म्हणाले. एका समितीच्या परदेश दौऱ्यात माझं नाव होतं आणि ती जागा त्यांना त्यांच्या माणसासाठी हवी होती, हे मला ठाऊक होतं. दौरा सोडला. सातावर ठरलं.

भाषण मी स्वतः लिहिलं. टँकर कोणत्या वस्तीला पोचतो, कोणत्या वस्तीला वळसा घालून जातो, आधी मेंढरं की आधी माणसं यावरून भावाभावांत कशी जुंपते. घड्याळ समोर ठेवून वाचून पाहिलं. सात मिनिटांत बसत होतं.

आमच्याकडून आधी ज्येष्ठ नेते उठले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांनी नद्यांचं माहात्म्य सांगितलं, दोन शेर ऐकवले, विरोधकांना चिमटे काढले. घंटी वाजली, पुन्हा वाजली. आमचा सगळा वेळ संपल्यावर ते बसले. मग अध्यक्षांनी जाहीर केलं, की ज्यांना बोलता आलं नाही त्यांनी लेखी भाषण पटलावर ठेवावं, ते कामकाजात छापलं जाईल.

प्रतोद माझ्या बाकापाशी वाकले. "ठेवा ताई. बोलल्यासारखंच धरतात."

"मग साहेबांनी का नाही ठेवलं?"

ते हसले. पुढच्या अधिवेशनात पहिलं नाव तुमचं, म्हणाले. विसाराचे पैसे हातात घेतल्याशिवाय मी कधी माल हलवला नव्हता. त्या दिवशी नुसत्या शब्दावर कागद देऊन आले. दिला नसता तर तेवढंही राहिलं नसतं.

पुढच्या अधिवेशनात नाव आलं नाही. त्यानंतरही नाही. मुदत संपत आली, तिकिटाची बैठक बसली आणि तिथे याच प्रतोदांनी सांगितलं, की ताईंची सभागृहात छाप पडली नाही, जतच्या पाण्यावर त्या बोलल्याच नाहीत. मी टेबलावर हात आपटला. ग्लास आडवे झाले. छापील भाषण समोर धरलं, ते कोणी हातातसुद्धा घेतलं नाही. तिकीट साहेबांच्या पुतण्याला गेलं. मी तापट आहे, एवढीच बातमी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शब्द दिला होता त्या गावात गेले. बायका देवळापुढे बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला बसायला जागा दिली आणि लगेच विचारलं.

"आवं ताई, नातवानं मोबाईलवर समदं धुंडाळलं. तुमी बसलेल्या दिसता. बोलताना कुटं दिसत न्हाई."

मी म्हणाले, भाषण लिहून दिलं होतं, छापून आलंय.

"लिवूनच द्यायचं हुतं तर आमी पोस्टानं धाडलं असतं की. तुमाला कशाला धाडलं?"

बायका हसल्या. राग आला, पण तो तिच्यावर काढण्याजोगा नव्हता. मी भाषणाची पानं काढली आणि तिथेच उभी राहून वाचू लागले. वस्त्यांची नावं येऊ लागली तशा त्या एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीने मधेच थांबवून सांगितलं, की त्यातल्या एका वस्तीवर आता टँकर येणंच बंद झालंय. ती वस्ती गाळून मी पुढे वाचत राहिले.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. सगळ्या उठल्या, हंडे उचलले आणि पळाल्या. माझं बोलणं अर्ध्यात तोडलं आणि मी चिडले नाही, असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं. परत येतील म्हणून दिवस मावळेपर्यंत थांबले. पण पाणी घरात नेऊन त्यांना भाकरी करायच्या होत्या.

शेवटचं पान मी अजून कोणापुढे वाचलेलं नाही.