कागदावर नसलेली चाल

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात पियानो शिकलेली मुलगी म्हणजे लोकांना नवलच होतं. मी मिशनच्या शाळेत होते आणि तिथल्या संगीताच्या बाईंकडे आठ वर्षं पियानो शिकले. त्यांना आम्ही मिस म्हणायचो. मनगट खाली पडू नये म्हणून त्या माझ्या पंज्यावर खोडरबर ठेवायच्या. तो घरंगळला की पान पहिल्यापासून. कागदावर लिहिलंय तेवढंच वाजवायचं. एकदा मिस यायच्या आधी मी सिनेमातल्या गाण्याची ओळ वाजवत होते, तर मिस दारात उभ्या. ओरडल्या नाहीत. पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हे इथं नको." त्यानंतर मी तसलं काही कुठंच वाजवलं नाही.

पुढं परीक्षा झाल्या, कॉलेजही संपलं. एके सकाळी आमच्या मागच्या गल्लीतले चाचा दारात आले. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि गावातल्या स्टुडिओत काम निघालं की तिथंही.

"पोरी, तुला ती मोठी पेटी येती न्हवं?"

"पियानो, चाचा."

"त्योच की. मुंबईचा वाजवणारा आलाच न्हाय. आत्ताच्या आत्ता चल."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चाचा हायत न्हवं संगट? मग जा." मी साडी बदलली आणि चाचांच्या मागून निघाले. हातात सवयीनं कोरा स्वरलिपीचा कागद आणि पेन्सिल.

स्टुडिओत एका चित्रपटाचं गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. त्यातली नायिका पुण्याला शिकून आलेली पाटलाची लेक. ती पियानोवर बसते आणि गाते, पण चाल मात्र लावणीच्या अंगाची. संगीतकार मांडी घालून सतरंजीवर बसले होते, शेजारी ढोलकीवाला. मी विचारलं, "माझ्यासाठी लिहिलेला कागद कुठाय?"

"कागद कशाला? चाल माझ्या तोंडात हाय. काळी दोन धरा."

मी पियानोकडे बघितलं. काळ्या पट्ट्या छत्तीस. त्यातल्या दोन कुठल्या? चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जोडी दिसती न्हवं काळ्याची? तिच्यातली दुसरी. तिथनं सा." म्हणजे माझा डी शार्प. आठ वर्षं मी त्याला त्याच नावानं ओळखत होते.

संगीतकार गायले, मी भराभर लिहून घेतलं. त्यांनी पुन्हा म्हटलं तेव्हा तिसऱ्या ओळीत दोन सूर वेगळे आले. मी थांबले.

"आधी असं नव्हतं म्हटलं तुम्ही."

"बरं मग?"

"यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही," ते म्हणाले, आणि ढोलकीवाला हसला. मला मात्र हसू येईना. मी दोन्ही लिहिलं, मग तिसऱ्यांदा आणखीच वेगळं आलं. कागद खोडाखोडीनं भरला. एका जागी ते म्हणाले, "या दोन सुरांच्या मधनं घसरत या." मी म्हटलं, पियानोत मधे काही नाही, एक पट्टी संपली की दुसरीच. ते खरोखर चकित झाले. "एवढ्या मोठ्या बाज्यात न्हाय?"

मला वाटलं उठून घरी जावं. चाचांनी माझा कागद उचलला, घडी घालून खिशात टाकला. "माझ्याकडं बघ. मी श्वास घेतला की तू बोटं टाक. चुकलीस तर मी वर वाजवून झाकतो." मग मी त्यांच्या गळ्याकडे बघत वाजवलं. काय वाजवलं ते आजही सांगता येणार नाही. संगीतकार "झ्याक" म्हणाले. मला ते झ्याक होतं की नुसतं संपलं होतं, कळलं नाही.

शनिवारी मी नेहमीसारखी मिसच्या घरी गेले. लपवून ठेवणं जमेना. सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

"वाजव बघू," त्या म्हणाल्या.

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग मला सरकायला सांगून स्वतः बसल्या. उजव्या हातानं तीच चाल, डाव्या हाताचा ठोका मात्र किंचित उशिरा. गाणं एकदम चालायला लागलं. मिसच्या हातून लावणी! त्यांच्या पांढऱ्या पातळाकडे बघत मी उभी राहिले.

"तू प्रत्येक ठोक्यावर पाय रोवून उभी राहतेस," त्या म्हणाल्या. "लावणीत तसं चालत नाही."

"पण मिस, तुम्हीच तर नको म्हणाला होता."

"'इथं नको' म्हणाले होते, म्हणजे शाळेत. शेजारी वर्ग भरायचे. परीक्षा झाल्यावर तू विचारशील असं वाटलं होतं मला. तू कधी विचारलंच नाहीस."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग, आणि तो कुणावर तेही उमगेना. आठ वर्षं मी एक बंद दार राखत बसले होते, आणि त्याला कडीच नव्हती म्हणे. की होती? झाकण लावतानाचा त्यांचा चेहरा मला आठवत होता. तो शेजारच्या वर्गाची काळजी करणारा चेहरा नव्हता. पण मी तेव्हा बारा वर्षांची होते, काय पाहिलं असेन कोण जाणे.

चित्रपट लागला तेव्हा आई, मी आणि चाचांच्या घरची माणसं पहिल्या रविवारी गेलो. गाणं आलं. नायिकेची बोटं पियानोवर नाचत होती, ऐकू येत होती ढोलकी आणि क्लॅरिनेट. पियानो दोन ठिकाणी पुसटसा उमटला, निदान मला तसं वाटलं. आईनं माझा दंड दाबून विचारलं, "ह्ये तुझंच न्हवं?"

मी "व्हय" म्हटलं. पुढं तीन-चार वर्षं चाचांबरोबर मी स्टुडिओत जात राहिले आणि शनिवारी मिसकडेही. एकीकडे कागद लागायचा, दुसरीकडे तो समोर ठेवला की लोक हसायचे. अधेमधे माझी बोटं कुठं बसलोय तेच विसरायची, आणि मी कुणीतरी श्वास घेण्याची वाट बघत राहायची.