टेकडीची बोहनी

सीताबर्डीवरच्या त्या दुकानदारानं माझ्यासारखं गिऱ्हाईक आधी पाहिलं नसावं. मी सिंदी रेल्वे या गावचा कापसाचा व्यापारी. आमच्या धंद्यात गाडीतला वरचा कापूस कोणी पाहत नाही, तो सगळेच चांगला ठेवतात. कोपरापर्यंत हात खुपसायचा, मधला मूठभर ओढून काढायचा आणि मगच भाव बोलायचा. व्हिडिओ कॅमेराही मी तसाच घेतला. दुकानदार झगझगीत दिव्याखाली प्लास्टिकच्या गुलाबांचं चित्र दाखवत होता. मी म्हटलं, "हे वरचं झालं. मधलं दाखवा."

त्याला काही कळेना. मग मीच त्याला दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा धरायला लावला. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर जवळ ओढायला लावलं. कॅमेरा हातात घेऊन दारापर्यंत चालायला लावलं, चित्र किती हलतं ते पाहायला. चार कॅमेरे नापास झाले. पाचवा तळहातात मावेल एवढा, पट्ट्यानं हाताला बांधायचा, बाजूला छोटा पडदा उघडणारा, एचडी. त्यानं ते अक्षर इतकं जवळ आणलं की अक्षरावरची धूळ दिसली. मी दुकानातच "अरे वा!" म्हणून ओरडलो. भाव ठरायच्या आधी असं ओरडायचं नसतं, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. पण आनंद झाला की माझं तोंड माझं ऐकत नाही. बटणं सगळी दुकानदारानंच दाबली, मी फक्त चित्र पाहत राहिलो.

बायकोचं म्हणणं, मोबाईल असताना हे खूळ कशाला? मी सांगितलं, मोबाईलमध्ये मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि दूरचं जवळ ओढलं की चित्र फाटतं. दोन्ही खरं होतं. मला कॅमेरा हवाच होता, हेही खरं होतं. पण मूळ कारण आई.

मी वर्षाचा असताना तापानं फणफणलो होतो. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा आईनं गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला नवस बोलला, की पोरगं उठलं तर दरसाल टेकडी चढीन. मी उठलो, आणि आई चढत राहिली. मी पन्नाशीला टेकलो तरी चढतच होती. मग गुडघे गेले. तीन वर्षं झाली, ती टेकडीवर गेलेली नाही. तेव्हापासून मला साधा खोकला आला तरी तिचं एकच, "माह्यामुळं हाय हे. माहा नवस तुटला." मी खोकला दाबायला शिकलो होतो.

यंदा तीच म्हणाली, "तू चढजो. अन् मले पायऱ्या दाखवजो. एकेक पायरी. डोयानं चढीन मी."

मी हो हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत होतं.

खोकं उघडलं तेव्हा आईनं कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. काचेवर लागू नये म्हणून मी तो कसाबसा वाचवला आणि अंगणातल्या मांजराकडे रोखला, तोच ती ओरडली, "थांब! बोहनी टेकडीचीच झाली पाह्यजे."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती शुभ झाली की दिवस चांगला जातो, यावर आमचं घर चार पिढ्या चाललंय. त्यामुळे कॅमेरा न वापरताच पिशवीत गेला. सोबतचं माहितीपुस्तक बऱ्याच भाषांत होतं, त्यात मराठी नव्हती, आणि इंग्रजी वाचण्याइतका धीर माझ्याकडे नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं आमच्या लग्नापासून बायको म्हणत आलीय.

आम्ही दोघं सकाळीच निघालो. वाटेत जाम गावच्या चौकात चहा घेतला. गिरडला पायथ्याशी गाडी लावली, आणि चष्मा गाडीतच राहिला. कॅमेरा हाताला बांधला, पडदा उघडला. कोपऱ्यात बारीकशी हिरवी अक्षरं होती, वाचता काही येईनात. बटण दाबलं, ती लाल झाली. आता आमचं घर रेल्वे फाटकाला लागून. जन्मापासून पाहत आलोय, लाल म्हणजे थांबा आणि हिरवं म्हणजे चला. मला वाटलं, कॅमेरा चालूच होता, मीच तो थांबवला. पुन्हा दाबलं, हिरवं झालं, आणि मी जोशात सुरू झालो.

काय चित्रण केलं मी! पायथ्याशी शेरणीच्या, म्हणजे दर्ग्यात वाटायच्या प्रसादाच्या, रेवड्या विकणारी दुकानं, त्यापुढे बायकांचा एक घोळका. कॅमेरा पाहताच त्या पदर सावरून खांबासारख्या उभ्या राहिल्या. मी ओरडलो, "अवो, चाला, चाला! फोटो नाई, व्हिडिओ आहे!" मग त्या चालल्या, पण लाजत लाजत. वर गेलो तशी खालची पांढरी झालेली कापसाची शेतं दिसली. एका घारीला मी इतकं जवळ ओढलं की तिची मान वळलेली दिसली. बायकोला तीनदा हसायला लावलं. एकेक चित्रण झालं की बटण दाबायचं, लाल अक्षरं पाहायची आणि कॅमेरा तसाच हाताला लोंबकळत ठेवून धापा टाकत पायऱ्या चढायच्या. वर पोचलो, बटण दाबलं, हिरवं झालं. दर्ग्याचा घुमट, झेंडा, उदाचा धूर, सगळं मनासारखं टिपलं, पुन्हा बटण दाबून लाल केलं आणि उतरलो. आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं, असंच मला वाटत होतं.

घरी येऊन टीव्हीला वायर जोडली. आई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसली होती. मी मोठ्या थाटात म्हणालो, "बघ आता!"

पडद्यावर धूळ आली. मग माझी चप्पल. मग एक पायरी, मग दुसरी. मग माझ्या धापा. घार नाही, शेतं नाहीत, हसणारी बायको नाही. कॅमेरा थांबलाय असं समजून मी जे जे चाललो तेवढंच त्यात होतं, आणि जे जे टिपलं त्यातलं काही नव्हतं. लाल म्हणजे चालू! बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "तुम्ही तं दिवसभर जमिनीचंच चित्र काढून राह्यले होते! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षातून एकदा सांगितलेलं एक काम, तेही धड जमलं नाही. मी टीव्ही बंद करायला उठलो.

"काऊन बंद करतं?" आई पुढे वाकून बसली होती. "चालू दे. हे फुटकी पायरी हाय ना? इथंच पडली होती मी. तू कडेवर होता."

मी खाली बसलो. ती एकेक पायरी ओळखत होती. हिचा कोपरा गेलेला, ही जरा उंच, हिच्यावर पाणी साचतं. तिची बोटं खुर्चीच्या दांडीवर एकेक सरकत होती. मध्येच म्हणाली, "थांबव. इथं लिंब हाय, इथं बसाचं असते." मी चित्र थांबवलं. बायकोनं पाणी आणून दिलं, ती प्यायली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "चाल." पडद्यातून माझाच दमलेला आवाज आला, "अजून किती राह्यल्या?" आईनं त्याला उत्तर दिलं, "आता थोड्याच."

शेवटची पायरी आली आणि चित्र तुटलं. वर पोचल्यावर मी बटण दाबलं होतं ना, तिथंच.

"दर्गा नाई आला, आई. माहं चुकलं."

"दर्शन तं मी डोये मिटूनच घेत होती," ती म्हणाली. "डोये उघडे पायऱ्यासाठीच लागते." आणि तिनं हात जोडून डोळे मिटले. मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली. बायको पाठमोरी होऊन पेला पुसत बसली.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले. "चाल, आता उतरू. हळू घेजो, उतरतानी गुडघे जास्त दुखते."

उतरण्याचं चित्रण होतंच, अगदी पहिल्या पायरीपासून. या वेळी मी चष्मा लावून बटण दाबलं. चार पायऱ्या उतरलो असू, तोच पडद्यातून मी खोकलो. चांगला दणदणीत, दाबायचं ध्यानात न राहिलेला खोकला. मी धसकून आईकडे पाहिलं.

"जामले थंडं पाणी पेला असशीन," ती म्हणाली आणि पुढची पायरी पाहायला लागली.