वेणी चालणार नाही

मला तिचा हेवा वाटायचा. आज हे लिहायला सोपं जातंय. नववीत असताना मी त्यालाच न्याय म्हणायचे, आणि तेही चारचौघींत, मोठ्याने.

ती सहामाही परीक्षेनंतर खारघरहून आमच्या नवीन पनवेलच्या शाळेत आली. कानापर्यंत कापलेले केस आणि त्यावर एक काळा हेअरबँड, संपला तिचा शृंगार. आमच्या शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर गणवेशाचे नियम छापलेले होते. ज्या मुलींचे केस खांद्याखाली येतात त्यांनी दोन वेण्या घालायच्या, त्या वर दुमडायच्या आणि काळ्या रिबनींनी बांधायच्या. खांद्याच्या वर असतील तर हेअरबँड पुरे. मुलांसाठी एकच ओळ होती, केस कानांवर येऊ नयेत, आणि ती छापणारेही विसरून गेले असावेत. आमच्या रिबनी मात्र प्रार्थनेच्या रांगेत रोज तपासल्या जायच्या.

माझे केस कमरेखाली पोचलेले. विचुंबे गावात आमच्या घरी त्यांचा फार तोरा होता, म्हणजे माझ्या आईला. सकाळी साडेपाचला ती मला ओट्याजवळ पाटावर बसवायची, डोक्यावर तेल थापायची आणि फणीने गुंता असा ओढायची की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. वेणीचं टोक आधी काळ्या दोऱ्याने करकचून बांधायची आणि मग वर रिबन. नुसती रिबन बांधली तर ती प्रार्थना संपायच्या आत घसरते, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. जादा दोऱ्याचा एक तुकडा ती माझ्या कंपासपेटीतही टाकून ठेवायची. या सगळ्यात माझी अर्धा तास झोप जायची. ती खारघरची मात्र तेवढा वेळ पांघरुणात असणार, या विचाराने माझा तिळपापड व्हायचा.

पण खरं दुखणं केसांचं नव्हतंच. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन आठवीत मी केलं होतं. ते मला फुकट मिळालं नव्हतं. आमच्या घरी सगळे 'हाय' आणि 'नाय' बोलतात. पाचवीत मी वर्गात पहिल्यांदा 'मना येत नाय' म्हणाले तेव्हा मागच्या बाकापर्यंत हसू गेलं होतं. त्यानंतर मी आरशासमोर उभी राहून 'आहे' आणि 'नाही' घोकून पाठ केले, तीन वर्षं. आणि ही बया आली, पहिल्याच तासाला उभी राहिली आणि स्वच्छ, सहज बोलली. तिने त्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. मराठीच्या बाईंनी जाहीर केलं, यंदा सूत्रसंचालनाला दोघी तयारी करा, पुढच्या आठवड्यात शनिवारी ऐकून ठरवू. आणि बजावलं की ज्यांच्या डायरीत गणवेशाचे तीन शेरे असतील त्यांना स्टेजवर जाता येणार नाही.

लग्नसराईचे दिवस होते. आमच्या गावात हळद असली की शेजारपाजारच्या सगळ्या बायकापोरी डोक्यात फुलांची वेणी माळणार, अबोलीची नाहीतर शेवंतीची. रात्रभर नाचून पोरी सकाळी तशाच शाळेत. मीही दोनदा गेले होते. तिसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या बाईंच्या अक्षरात सूचना आली, 'उद्यापासून शाळेत वेणी चालणार नाही.' तोच फोटो पालकांच्या ग्रुपवरही पडला.

आता, ही कोणती वेणी हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या आईलाही कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसायला नकार दिला.

"वेणी चालणार नाय, लिवलंय," मी म्हटलं. घरात माझी जीभ घरचीच असायची.

"फुलांची येनी बोलल्या त्या, केसांची नाय. उगाच शानपना करू नको गो."

"फुलांची असं कुठं लिवलंय?"

मी केस मोकळे सोडून गेले. कमरेखालचे तेलकट केस वाऱ्यावर सोडून मी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहिले तेव्हा अर्धी शाळा खिदळत होती. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात नेलं. मी फळ्याचा दाखला दिला. त्यांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. मग मी माझ्या मनातलं काढलं. "बाई, एकाच वर्गात आम्हाला दोन वेण्या आणि तिला नुसता हेअरबँड, हा कुठला न्याय? नियम सगळ्यांना सारखा हवा."

माझ्या डायरीत शेरा पडला. पण माझं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं, आणि इतकं की मीच चाट पडले. सोमवारी नवी सूचना लागली. ज्यांचे केस हातात धरता येतात त्या सगळ्या मुलींनी ते दोन्ही बाजूंनी रिबनीने बांधूनच यायचं. हेअरबँड बंद.

मी जिंकले होते. मंगळवारी ती दोन बोटभर शेंड्या बांधून आली, करडाला नुकती शिंगं फुटावीत तशा. पोरं हसली. मला वाटलं होतं, आता गार वाटेल. कसलं काय! तिला त्याही शोभत होत्या. गुरुवारपर्यंत वर्गातल्या तिघींनी घरी आरशासमोर तशा शेंड्या बांधून पाहिल्याचं एकमेकींना सांगितलं. माझ्या वेण्यांकडे एवढ्या वर्षांत कुणी असं पाहिलं नव्हतं.

पण एक अडचण तिला होतीच. तिची आई नर्स, पहाटेच्या ड्युटीला गेलेली असायची. वडील तिला खारघरहून बाईकवर सोडायचे आणि हेल्मेटखाली शेंड्या टिकायच्या नाहीत. शाळेत आल्यावर ती स्वतःच कशाबशा बांधायची. त्या सुटायच्या. शुक्रवारपर्यंत तिच्या डायरीत दोन शेरे झाले. मी ते मोजत होते.

शनिवारी सकाळी ती नळापाशी माझ्याकडे आली. हातात दोन काळ्या रिबनी, केसांवर हेल्मेटचा वळ.

"मला बांधून देशील? तुझ्या कधीच सुटत नाहीत," ती म्हणाली. "आज निवड आहे ना."

तिने माझ्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली. माझी कंपासपेटी दप्तरात होती, दोरा पेटीत होता. मी दप्तराला हात लावला नाही. पाण्याने केस चापून बसवले आणि नुसती रिबन बांधली. इतकी सुबक फुलं मी माझ्या स्वतःच्या रिबनींना कधी काढली नव्हती. तिने नळावरच्या आरशात पाहिलं आणि तिचं तोंड खुललं. "किती छान! थँक्यू गं."

प्रतिज्ञेसाठी सगळ्यांनी हात पुढे केले तेव्हा तिची डावी रिबन खांद्यावर आली, आणि प्रतिज्ञा संपायच्या आत पायाशी पडली. उजवी पाठोपाठ गेली. मी तिच्या बरोबर मागे उभी होते, म्हणजे मी ते सगळं पाहत होते असं समजा. मराठीच्या बाई आल्या. त्याही वैतागलेल्या होत्या, कारण तिला ऐकायचं त्यांच्या मनात होतं.

"आजच्या दिवशी तरी गं? कोणी बांधलं हे?"

तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"मीच, बाई. मला नीट जमत नाही."

तिसरा शेरा पडला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा असा राग आला की हातातली डायरी चुरगळली. माझं नाव घ्यायचं सोडून ती खोटं बोलली, आणि तेही किती सहज! मला वाचवायला ती बोलली, की मैत्रिणीचं नाव घ्यायचं नसतं एवढंच तिला माहीत होतं, कोण जाणे. एवढा चांगुलपणा माझ्यात नव्हता. तिला मात्र तोही आयता मिळाला होता, त्या 'आहे' आणि 'नाही'सारखाच. आमच्या दोघींतली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच आहे असं मला त्या रांगेत उभ्याउभ्या वाटलं, आणि त्यासाठी तक्रार कुणाकडे करायची हे कळेना.

संमेलनात मी बोलले. अडखळले नाही, एकही 'नाय' निसटला नाही. पाहुण्यांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं. आई पहिल्यांदाच शाळेत आली होती, दुसऱ्या रांगेत बसून माझ्या वेण्यांकडे बघत होती. तिच्या मागे दोन ओळी सोडून ती खारघरची बसली होती, हेअरबँड लावून. नाताळच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी ती सूचना काढून टाकली होती, जशी लावली तशीच, कुणाला काही न विचारता. माझ्या प्रत्येक वाक्याला ती टाळ्या वाजवत होती, आणि त्या खऱ्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर ती पडद्यामागे मला शोधत आली.

"मस्त बोललीस," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "एक विचारू? त्या दिवशी तू इतकं छान बांधलं होतंस. मग सुटलं कसं? मी डोकं हलवलं का गं?"

"हो," मी म्हणाले. "खूप हलवलंस."